हेडमास्तरांच्या डोक्यावरचं पत्र

मराठी शाळेच्या ऑफिसात हेडमास्तरांची खुर्ची असते, खुर्चीमागे भिंत असते आणि भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याचं, मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून सांगतात ते पत्र असतं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून मी ज्या ज्या शाळेत चहाला बसलो, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ते भेटलं. कुठे नुसती अक्षरं, कुठे शेजारी दाढीवाला लिंकन, कुठे खाली माजी विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट अशी पट्टी. आणि कोपऱ्यात बारीक टायपात, ‘अनुवाद : वसंत बापट’. ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन जवळ आला की ते भिंतीवरून उतरून मुलांच्या तोंडी बसतं. एकानं सुरुवात केली की मागच्या रांगेतल्या शिक्षकांचेही ओठ हलू लागतात, इतकं ते सगळ्यांना पाठ असतं.

अशाच एका स्पर्धेनंतर सातवीतल्या एका मुलीनं मला गाठलं. पत्र तिनं छान म्हटलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. तरी तिची शंका होती. “सर, त्या पोराचं नाव काय हो? एवढं मोठं पत्र लिहिलं, अन् पोराचं नावच नाही टाकलं.”

“बघून सांगतो,” मी म्हणालो. मास्तर लोकांच्या तोंडी या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘विसरून जा’ असाच असतो. या वेळी मात्र मी खरंच बघितलं.

पोरगा कोणता?

लिंकनला चार मुलगे झाले. रॉबर्ट १८४३चा, एडवर्ड १८४६चा, विल्यम म्हणजे विली १८५०चा आणि थॉमस, ज्याला सगळे टॅड म्हणत, तो १८५३चा. एडवर्ड चार वर्षांचा होण्याआधीच गेला. त्याच्या शाळेचा प्रश्न आलाच नाही. राहिले तिघं.

रॉबर्ट शाळेत जाऊ लागला तेव्हा बाप इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात वकिली करत होता. तिथे तेव्हा फिरती कोर्टं असत. न्यायाधीश एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई आणि वकिलांचा तांडा त्याच्या मागे. वर्षातले जवळजवळ सहा महिने लिंकन घोड्यावर किंवा कुठल्या तरी खाणावळीत असे. रॉबर्टनं पुढे लिहून ठेवलं आहे की आपल्या लहानपणी वडील बहुतेक बाहेरगावीच असत, आणि ते अध्यक्ष झाल्यावर तर त्यांच्याशी दहा मिनिटं निवांत बोलणंही झालं नाही. हाच रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. मग फिलिप्स एक्झिटर अकादमी नावाच्या शाळेत एक वर्ष तयारी करून त्यानं हार्वर्ड गाठलं. फेब्रुवारी १८६० मध्ये लिंकन न्यूयॉर्कला त्याचं गाजलेलं कूपर युनियनचं भाषण करायला गेला, तेव्हा तिथून पुढे या पोराला भेटायलाही गेला होता.

विली वाचणारा, कविता करणारा. बाप अध्यक्ष झाल्यावर त्याला आणि टॅडला शिकवायला अलेक्झांडर विल्यमसन नावाचे मास्तर व्हाइट हाउसमध्येच येत. २० फेब्रुवारी १८६२ला विली विषमज्वरानं गेला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

उरला टॅड. जन्मतः टाळूत दोष असल्यानं त्याचं बोलणं घरच्यांखेरीज कुणाला नीट कळत नसे. शिकवणीचं त्याला वावडं. व्हाइट हाउसमध्ये बकऱ्या पाळणं, त्या दिवाणखान्यातून पळवणं, मंत्रिमंडळाच्या बैठकीत घुसणं, हा त्याचा अभ्यासक्रम. लिंकनचे सचिव जॉन हे यांच्या आठवणींत बापाचं धोरण नोंदलेलं आहे: हुंदडू द्या त्याला, अक्षरं गिरवायला पुढे भरपूर वेळ आहे. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला तेव्हा बारा वर्षांच्या टॅडला धड वाचताही येत नव्हतं. त्याची खरी शाळा नंतर सुरू झाली, आधी शिकागोत आणि मग जर्मनीत फ्रँकफुर्टला. १८७१ मध्ये अठराव्या वर्षी तोही गेला.

तिघांत पत्रातला मुलगा सापडेना. एकाच्या शाळेच्या दिवसांत बाप कोर्टांमागून फिरत होता, दुसऱ्याचा मास्तर घरी येत होता आणि तिसऱ्यानं शाळेत जावं अशी बापाचीच घाई नव्हती. पोराला काय काय शिकवावं याची लांबलचक यादी हेडमास्तरांकडे पाठवणारा बाप यात बसत नाही.

हेडमास्तर तरी बसतात का? लिंकन स्वतः शिकला तो केंटकी आणि इंडियाना राज्यांतल्या जंगलातल्या लाकडी शाळांत. एक खोली, एक मास्तर, आणि सगळी पोरं आपापला धडा एकाच वेळी मोठमोठ्यानं ओरडणार. झकराया रायनी आणि केलेब हेझल ही त्याच्या पहिल्या दोन मास्तरांची नावं. सगळे तुकडे जोडले तरी त्याची शाळा एका वर्षाची भरत नाही. १८५८ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या आजी-माजी सदस्यांच्या कोशासाठी त्याच्याकडे माहिती मागितली गेली. शिक्षणाच्या रकान्यात त्यानं दोनच शब्द लिहिले, ज्यांचा अर्थ ‘शिक्षण सदोष’ असा होतो. पुढे एका स्नेह्याला लिहिलेल्या आत्मवृत्तातही त्यानं सांगितलं आहे की त्रैराशिकापर्यंत गणित आलं, तेवढंच.

कागद काय म्हणतात

लिंकनचे खासगी कागद रॉबर्टनं आयुष्यभर जिवापाड सांभाळले आणि शेवटी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले. अट एकच: माझ्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं पेट्या उघडायच्या नाहीत. रॉबर्ट २६ जुलै १९२६ला वारला. २६ जुलै १९४७ला, मध्यरात्रीच्या ठोक्याला, अभ्यासकांच्या गर्दीत पेट्या उघडल्या. अठरा हजारांहून जास्त कागद निघाले. आपल्याकडे त्याच आठवड्यांत फाळणीच्या रेघा ओढल्या जात होत्या.

त्यानंतर रॉय बेसलर यांच्या संपादनाखाली १९५३ ते १९५५ या काळात लिंकनच्या लेखनाचे आठ खंड निघाले, सूची वेगळी, पुरवण्या आणखी वेगळ्या. दोन-दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा त्यांत आहेत. हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र त्या खंडांत नाही. त्याचं हस्तलिखित कुठल्या संग्रहात नाही. पत्रावर गाव नाही, तारीख नाही, हेडमास्तरांचं नाव नाही. लिंकनच्या खऱ्या पत्रांवर वर गाव आणि तारीख असते, खाली ‘ए. लिंकन’ अशी आखूड सही. पूर्ण ‘अब्राहम’ तो सरकारी कागदांसाठी राखून ठेवत असे.

फिरत्या इंग्रजी नकलांपैकी काहींवर मात्र १८३० हे साल छापलेलं असतं. १८३० मध्ये लिंकन एकवीस वर्षांचा होता आणि त्याचं लग्न व्हायला अजून बारा वर्षं होती.

हे पत्र लिंकननं लिहिलेलं नाही. मुलीला सांगायचं उत्तर इथेच मिळालं होतं. पण मग लिंकनच्या नावाचा कागद आपल्या भिंतीवर इतका घट्ट बसला कसा, हा प्रश्न मला सोडेना. त्यासाठी अमेरिकेपेक्षा महाराष्ट्रातच जास्त उकरावं लागलं.

मराठी मुलखात पोचलेले तीन कागद

लिंकनच्या ज्या कागदाचा महाराष्ट्राला पहिला धक्का बसला, त्याची तारीख १९ एप्रिल १८६१. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी करण्याचा तो जाहीरनामा. तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि त्यांची नजर मुंबईकडे वळली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि भराव घालणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. व्यापारी प्रेमचंद रायचंद या पुराचे राजे होते. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं आणि मुंबईचा फुगा फुटला. तोवर लिंकनचं नाव ठाऊक नसलेल्या किती तरी शेतकऱ्यांच्या हातात त्याच्या सहीमुळे आलेला पैसा खेळून गेला होता.

दुसरा कागद १ जानेवारी १८६३चा, बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा. त्याचे पडसाद मराठीत दहा वर्षांनी उमटले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून एका माळ्यानं समुद्रापलीकडच्या लढ्याशी आपलं नातं जोडलं. त्यातही पाहण्यासारखं हे की अर्पणपत्रिका अध्यक्षाला नाही, लोकांना आहे.

तिसरा कागद आमच्या शहराच्या जास्त जवळचा. २२ ऑगस्ट १८६२ला लिंकननं होरेस ग्रीली या संपादकाला एक उघड पत्र लिहिलं. माझं पहिलं काम संघराज्य वाचवणं आहे, एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचत असेल तर तसं करीन आणि सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन, असा त्याचा आशय. गंमत अशी की मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानं महिन्याभरापूर्वीच मंत्र्यांना वाचून दाखवला होता आणि तो टेबलाच्या खणात पडून होता. म्हणजे पत्र खरं, पण लिहिणारा सगळे पत्ते उघडत नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पत्र बारकाईनं वाचलं होतं. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा पंचनामा करणाऱ्या १९४५च्या इंग्रजी पुस्तकात ते त्यांनी पुढे ठेवलं. गुलामांचा उद्धारक म्हणून ज्याची पूजा होते, त्याला गुलामांपेक्षा संघराज्य मोठं वाटत होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि तेवढ्यावर न थांबता श्रेयही दिलं: संघराज्यासाठी गरज पडली तेव्हा गुलामांना मुक्त करायला लिंकन तयार तरी झाला. थोर माणसाचं पत्र कसं वाचावं याचा हा धडा आहे. हार घालायचा नाही, धोंडाही मारायचा नाही. तारीख बघायची, शब्द बघायचे, त्या तारखेला तो माणूस काय करत होता ते बघायचं.

याच आंबेडकरांनी १९५० मध्ये आमच्या शहरात कॉलेज काढलं. त्याच्या दोनच वर्षं आधी मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला होता. इथल्या सरकारी शाळांत उर्दूतून शिकावं लागे आणि हेडमास्तरांना ‘सदर मुदर्रिस’ म्हणत. उच्च शिक्षणासाठी मुलांना थेट हैदराबाद गाठावं लागे. अशा मुलखात उभ्या राहिलेल्या त्या कॉलेजला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. उत्तर देणाऱ्याच्या बरोबरीनं प्रश्न विचारणाऱ्याचंही नाव आमच्या शहराच्या नकाशावर आहे.

लिंकनचे हे तीन कागद अस्सल आहेत. एकानं आपल्या बाजारात उलथापालथ केली, दुसऱ्यानं ‘गुलामगिरी’ला अर्पणपत्रिका दिली, तिसऱ्यावर बाबासाहेबांनी वाद घातला. यांतला एकही मी कुठल्या शाळेच्या भिंतीवर पाहिलेला नाही. फ्रेम मिळाली ती चौथ्याला, जो त्यानं लिहिलाच नाही.

चौथ्या कागदाचा बाप

भिंतीवरच्या पत्रांचा हा आजार अमेरिकेतही जुना आहे. नोव्हेंबर १८६४ मध्ये बॉस्टनच्या लिडिया बिक्सबी नावाच्या विधवेला लिंकनचं सांत्वनपत्र गेलं, पाच मुलगे रणांगणावर गमावल्याबद्दल. मूळ कागद हरवला. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चित्रविक्रेत्यानं त्याची हस्ताक्षरासारखी नक्कल छापून विकायला काढली आणि घरोघरी ती टांगली गेली. पुढे सरकारी दफ्तर तपासलं तेव्हा पाचांपैकी दोनच मुलगे लढाईत पडल्याचं निघालं. ते पत्र लिंकनचं की सचिव जॉन हे यांचं, हा वाद अजून चालू आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या भाषाशास्त्रज्ञांनी शब्दांच्या सवयी मोजून कौल दिला तो हे यांच्या बाजूनं.

दुसरा किस्सा तर निव्वळ छापखान्यातला. श्रीमंताला बुडवून गरिबाचं भलं होत नाही, अशा धर्तीची दहा वचनं विल्यम बोटकर या पाद्र्यानं १९१६ मध्ये लिहिली. १९४२ मध्ये एका संस्थेनं पत्रक काढलं: एका बाजूला लिंकनचा उतारा, मागच्या बाजूला बोटकरची वचनं. पत्रक उलटसुलट झालं आणि वचनं लिंकनच्या खात्यावर जमा झाली. १९९२ मध्ये माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पक्षाच्या अधिवेशनात ती लिंकनची म्हणून ऐकवली.

आपल्याकडचं पत्र मात्र फसवणुकीनं नाही, कवितेच्या बळावर टिकलं. इंग्रजी मजकूर लिंकनच्या नावानं फिरत होता, पण तो वाचून पाहा: सरळसोट सुविचारांची माळ, ‘माझ्या मुलाच्या शिक्षकास’ एवढाच मायना. वसंत बापटांनी त्याला मुक्तछंदाच्या आखूड ओळी दिल्या, बोलणाऱ्याचा श्वास दिला, आणि मराठीत शिक्षकाचा झाला हेडमास्तर. हा शब्द आला की आपल्या डोळ्यांपुढे व्हाइट हाउस येत नाही. टोपी आणि चष्मा घातलेले, छडी टेबलाच्या खणात ठेवणारे आपल्याच गावचे गुरुजी येतात.

बापट कऱ्हाडचे, जन्म १९२२चा. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून गावोगावची गाणी, आयुष्यभर कॉलेजात शिकवणं, ‘साधना’चं संपादन, १९९९ला मुंबईच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. ‘साधना’ साने गुरुजींनी सुरू केलेलं आणि बापट त्याच संस्कारातले. मुलगा खरा हवा, कष्टानं मिळवणारा हवा, हरला तरी हसणारा आणि गर्दीपुढे न वाकणारा हवा, हा आग्रह मराठी घराला ‘श्यामची आई’पासून ओळखीचा. पत्रावर नाव परदेशी अध्यक्षाचं होतं आणि आतला आवाज साने गुरुजींच्या अमळनेरच्या वर्गातला. म्हणून ते आपल्याला उपरं वाटलं नाही.

आपण दूरचा थोर माणूस आपल्या दुखण्यापाशी आणून वाचतो, हे आधीही झालं होतं. वि. ग. कानिटकरांनी लिंकनचं चरित्र लिहिलं आणि त्याला उपनाव दिलं, ‘फाळणी टाळणारा महापुरुष’. १९४७ पाहिलेल्या मराठी माणसाला लिंकन असाच दिसणार. कानिटकरांनी खऱ्या लिंकनला आपला प्रश्न विचारला. शाळांनी आपलं उत्तर त्याच्या तोंडी घातलं. फरक आहे तो एवढा.

म्हणून माझं मत असं: फ्रेम उतरवू नका, पट्टी बदला. ‘कविता : वसंत बापट, लिंकनच्या नावानं फिरणाऱ्या एका इंग्रजी मजकुरावरून’ असं लिहा. कवितेचं काही बिघडत नाही, बापटांचं देणं फिटतं आणि रोज खरं बोलायला शिकवणाऱ्या खोलीतलं एक खोटं कमी होतं.

आणि एक खरं पत्र

शेजारी जागा उरली तर तिथे लावायला लिंकनचं खरं पत्रही आहे. शाळेबद्दलचंच आहे.

रॉबर्टचा एक दोस्त होता, जॉर्ज लेथम. तोही स्प्रिंगफील्डचाच, बाप वारलेला. १८६०च्या उन्हाळ्यात दोघं हार्वर्डच्या परीक्षेला बसले. रॉबर्ट पास झाला, जॉर्ज नापास. लिंकनला तेव्हा अध्यक्षपदाची उमेदवारी मिळून दोनच महिने झाले होते. दारात कार्यकर्त्यांची रीघ होती. त्या गर्दीत २२ जुलैला त्यानं दुसऱ्याच्या नापास पोराला पत्र लिहायला वेळ काढला. तुझी बातमी कळली तेव्हा फार वाईट वाटलं, असं त्यानं लिहिलं. आणि पुढे, खचून गेला नाहीस तर यात काही बिघडलेलं नाही. आता एकदा हात घातला आहेस तर यश मिळवलंच पाहिजे. हे ‘च’ त्यानं खास जोर देऊन लिहिलं. आपलं वय आणि अनुभव या दोन्हींच्या भरवशावर सांगतो, असंही जोडलं.

त्या पत्रात उपदेशाची यादी नाही. हेडमास्तरांना एक शब्द नाही. वर गाव आहे, तारीख आहे, खाली ‘ए. लिंकन’ आहे. आणि पोराचं नाव आहे.

जॉर्जला हार्वर्डमध्ये शेवटपर्यंत प्रवेश मिळाला नाही. तो येलला गेला.